नाव जिथे गेलं, तिथेच परत द्यायचं

"बाई, देवाने एकदा माफ केलं की मग माणसांना सांगायलाच हवं का?"

दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेली मुलं मोठी झाल्यावर चर्चमध्ये आपला विश्वास स्वतः कबूल करतात त्या विधीच्या तयारीच्या वर्गात हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. बहुतेक मुलं तो धड्यातला प्रश्न म्हणून विचारतात, उत्तर वहीत उतरवतात आणि घरी जातात. या वर्षी ज्याने विचारला तो वर्ग सुटल्यावर बाकं सरळ करायच्या निमित्ताने मागे राहिला. बाकं सरळच होती.

पुढे जे झालं ते त्याच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या संमतीने लिहितेय. ज्या मुलीचं यात नुकसान झालं तिला सगळं आधी वाचून दाखवलं. तिने दोन ठिकाणी 'हे नको' म्हटलं, ते काढलं. शाळेचं, चर्चचं, कुणाचंच नाव देत नाही. नाशिकमधली आमची ख्रिस्ती मंडळी मोजकी, शरणपूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे काहींना अंदाज येईलच. त्यांना हात जोडून सांगते, अंदाज आपल्यापाशी ठेवा. मी निवृत्त होईपर्यंत हायस्कूलला गणित शिकवलं आणि आता चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवते. ही गोष्ट दोन्हीकडची आहे, म्हणून ती लिहायची मला निकड वाटते.

तो नववीत असतानाची वार्षिक परीक्षा. गणित भाग दोन, म्हणजे भूमिती. वर्तुळ आणि पृष्ठफळ-घनफळ ही दोन प्रकरणं त्याची झालीच नव्हती. वर्गातल्या पहिल्या पाचांतला मुलगा. 'माझं झालं नाही' हे त्याला घरीही सांगता येईना आणि शाळेतही. त्याच्या पुढच्या बाकावर, शेजारच्या रांगेत एक मुलगी होती. ती डावखुरी. डाव्या हाताने लिहिताना तिच्या पेपरची उजवी बाजू उघडी राहायची, आणि हा नेमका उजव्या अंगाला बसलेला. मुलगी अभ्यासात मध्यम म्हणून ओळखली जायची, पण त्या वर्षी तिने भूमिती मनावर घेतली होती.

प्रश्न होता इष्टिकाचितीच्या एकूण पृष्ठफळाचा. लांबी आठ, रुंदी सात, उंची पाच. तिची रीत बरोबर होती, सूत्र बरोबर होतं, फक्त घाईत 'सात आठे चोपन्न' झालं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या चोपन्नवर नीट चढत गेल्या आणि २६२ ऐवजी २५८ चौरस सेंटिमीटर उत्तर आलं. त्याच्याही पेपरात तेच चोपन्न, तेच २५८. ज्यांनी पेपर तपासलेत त्यांना माहीत आहे, बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखी येतात, पण चूक ज्याची त्याची असते, बोटाच्या ठशासारखी.

सरांनी दोघांना वर्गापुढे उभं केलं. प्रश्न मात्र एकीलाच विचारला: "खरं सांग, कुणाचं बघून लिहिलंस?" ती म्हणाली, "सर, मी नाही बघितलं." सर म्हणाले, "मग काय त्याने तुझं बघितलं?" आणि वर्ग हसला.

तो मुलगा त्या वेळी एक शब्दही खोटं बोलला नाही. तो फक्त उभा राहिला. मला हे सांगताना तो याच जागी अडकला होता. पेपरात डोकावल्याचं त्याने पटकन सांगून टाकलं. हे उभं राहणं सांगायला त्याला फार वेळ लागला. खरी चोरी कोणती, हे त्याला माझ्याआधी कळलेलं होतं.

तिला त्या पेपरात शून्य मिळालं. दोन्ही भागांचे मिळून ती कशीबशी पास झाली. वडिलांना शाळेत बोलावलं. ते पंचवटीत मार्केट यार्डात हमाली करतात, सकाळचा माल उतरवायचा सोडून आले आणि ऑफिसात हात जोडून म्हणाले, "चुकलं पोरीचं." त्यानंतर तिची शिकवणी बंद झाली. दहावीनंतर तिने आर्ट्स घेतलं, कारण गणित हे आपलं काम नाही असं घरात ठरून गेलं होतं. याला मात्र त्या वर्षी स्नेहसंमेलनात गणितात वर्गात पहिला म्हणून ढाल मिळाली. ती शोकेसमध्ये होती.

परीक्षांमधल्या कॉपीबद्दल आपल्याकडे बोलणं खूप होतं. फेब्रुवारी-मार्च आला की कॉपीमुक्त अभियान, भरारी पथकं, केंद्राबाहेर पोलीस. गैरप्रकार रोखायला राज्याचा १९८२ चा कायदाच आहे. हे सगळं हवंच. पण या सगळ्यात कॉपी म्हणजे विद्यार्थी आणि परीक्षा मंडळ यांच्यातला मामला होऊन बसते. पकडला तर शिक्षा, सुटला तर सुटला. बाजूच्या बाकावर बसलेल्या माणसाचं काय गेलं, हे कुठल्याच फॉर्मवर लिहावं लागत नाही.

आता त्याच्या प्रश्नाकडे येते. तो म्हणाला, "बाई, मी रोज रात्री माफी मागतो. मिळाली असं वाटतं. सकाळी उठलो की पुन्हा मागावीशी वाटते."

आधी एक गोष्ट मी त्याला अगदी स्पष्ट सांगितली, आणि ज्यांच्या हाताखाली मुलं आहेत त्या सगळ्यांनी ती आधीच सांगावी असं मला कळकळीने वाटतं. देवाने तुला माफ केलंय. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहिलंय, की आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वासू आहे आणि क्षमा करतो. त्यात हप्ते नाहीत, गहाण नाही. शाळेत जाऊन सांगितलंस तर माफी पक्की होईल आणि नाही सांगितलंस तर रद्द होईल, असं नाही. तू घाबरून काही करावंस अशी माझी इच्छा नाही.

मग आम्ही लूकचा एकोणिसावा अध्याय काढला. जक्कयाची गोष्ट शब्बाथ शाळेतल्या लहानग्यांनाही पाठ असते: लोकांना लुबाडणारा ठेंगणा जकातदार, उंबराचं झाड, गर्दी. पण तिच्यातला क्रम बघा. येशू आधी म्हणतो, खाली उतर, आज मला तुझ्या घरी राहायचंय. तोवर जक्कयाने एक दमडीही परत केलेली नाही, परत करीन असा शब्दही दिलेला नाही. पाहुणा घरी आल्यावर तो उभा राहतो आणि म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करतो. आधी स्वीकार, मग परतफेड. पण परतफेड आहे, आणि ती ज्यांना लुबाडलं त्यांनाच आहे. देवळाच्या पेटीत नाही.

हे शेवटचं मी मुद्दाम म्हटलं, कारण त्याच्या मनात बऱ्याच योजना होत्या. सुट्टीत काम करून पैसे कमवायचे आणि नाव न सांगता दानात टाकायचे. शुक्रवारी उपास करायचा. अकरावीच्या चाचणीत मुद्दाम गणितात कमी मार्क पाडून घ्यायचे. आणि एका रात्री टाइप करून ठेवलेला, पण न पाठवलेला, तिच्यासाठीचा लांबलचक व्हॉट्सॲप मेसेज, ज्यात 'प्लीज मला माफ कर' पाच-सहा वेळा होतं. मेसेज त्याने मला दाखवला. वाचून मी म्हटलं, यात तू किती त्रासात आहेस हे आहे. तिचं काय झालं हे कुठे आहे? ती हा रात्री अकरा वाजता एकटी वाचणार, आणि तुला बरं वाटावं म्हणून तिने लगेच काहीतरी लिहायचं. तुझ्या छातीवरचा दगड उचलून तिच्या छातीवर ठेवायचा, याला भरपाई म्हणत नाहीत.

त्याची आजी कॅथलिक आहे, नाशिकरोडची. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला घरादाराला घेऊन जाणारी. तिला त्याने नाव न घेता विचारून पाहिलं होतं, की फादरकडे कन्फेशन केलं की सगळं मिटतं ना? आजी म्हणाली, "पाप मिटतं रे बाळा, उधारी नाही मिटत. उधारी दुकानदाराकडे जाऊनच फेडायची." आजीचं बोलणं तिच्या चर्चच्या शिकवणीला धरून आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट लिहिलंय, की पापक्षमेने पाप जातं, पण त्याने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत करायचं, आणि ज्याची बदनामी केली त्याचं नाव पुन्हा उभं करायचं. प्रॉटेस्टंट घरांत आपण कधीकधी कृपेवर इतका भर देतो, की ही दुसरी बाजू मुलांना ऐकूच येत नाही. मला याची चिंता वाटते.

जुन्या करारात तर याचा चक्क हिशेब दिलाय. लेवीयच्या सहाव्या अध्यायात आणि गणनाच्या पाचव्या अध्यायात: शेजाऱ्याचं काही लुबाडलं, तर ते पुरतं परत करायचं, वर पाचवा हिस्सा भर घालायची, आणि ते मूळ धन्याच्याच हातात द्यायचं. गणिताची शिक्षिका म्हणून मला हे फार आवडतं. शंभराला एकशे वीस. मी मुलाला विचारलं, इथे शंभर म्हणजे काय? तो म्हणाला, "मार्क." मग थोडं थांबून, "मार्क तर परत देता येत नाहीत." मग अजून थोडं थांबून म्हणाला, "मार्क नव्हेच. तिचं नाव."

नाव कुठे गेलं होतं? वर्गात. स्टाफरूममध्ये. ऑफिसात, तिच्या वडिलांसमोर. आणि तिच्या घरात. मग ते जिथे गेलं तिथेच परत द्यावं लागणार. चर्चमध्ये गुडघे टेकून ते तिथे पोचत नाही.

मी त्याला एक कागद दिला आणि सगळं लिहून काढायला सांगितलं. मी काय केलं, कुणाचं काय गेलं, माझ्याकडे काय आहे जे माझं नाही. लिहिताना त्याला जेकब वेनराइटची गोष्ट सांगितली. आमच्या शरणपूरला इंग्रज मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती वस्ती वसवली, तिथे गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकली. जेकब त्यातलाच एक. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागात स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डॉक्टर लिव्हिंगस्टन वारले तेव्हा तो त्यांच्या माणसांत होता. पुढे त्या माणसांनी डॉक्टरांचं शव शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत आणलं आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं, हा भाग लोकांना माहीत असतो. मला त्याआधीचं एक काम मोठं वाटतं. डॉक्टर गेल्यावर त्यांच्या पेट्या उघडल्या आणि लिहितावाचता येणाऱ्या जेकबने त्यातल्या सामानाची यादी लिहून काढली. मालक मेलेला, विचारणारं कुणी नाही, आणि तरी शरणपूरचा हा मुलगा दुसऱ्याच्या वस्तूंची नोंद करत होता.

आमच्या मुलाच्या यादीत सात ओळी झाल्या. शेवटची ओळ होती: 'ढाल.'

आधी कुणाला सांगायचं, यावर मी आणि पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, बराच वेळ बोललो. आईवडिलांना सांगणं आलंच. ते त्याने स्वतःच केलं. वडील एक दिवस त्याच्याशी बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी ढाल शोकेसमधून काढून त्यांनीच वर्तमानपत्रात गुंडाळली. पाळकसाहेबांचं म्हणणं होतं, लगेच शाळेत जावं. माझं म्हणणं पडलं, की शाळेच्याही आधी मुलीला विचारायला हवं. गोष्ट तिची आहे. दोन वर्षांनी शाळेत पुन्हा तिचं नाव निघणार, तर ते कसं निघावं, निघावं का, हे ठरवायचा पहिला हक्क तिचा. आपण मोठ्या मनाने कबुली द्यायला निघायचं आणि तिला पुन्हा न विचारता वर्गापुढे उभं करायचं, हे तेच झालं असतं. पाळकसाहेबांना पटलं.

मुलगा एकटा जाणार नव्हता. तिच्या आईला मी फोन केला, मी कोण ते सांगितलं, आणि एका रविवारी दुपारी त्याची आई, तो आणि मी पंचवटीत त्यांच्या घरी गेलो. वडील कामाच्या माणसाकडे गेले होते. मुलीच्या आईने पाणी दिलं, चहा टाकला. मुलाने कागद काढला, पण वाचला नाही, तोंडीच सांगितलं. पेपरात बघितलं ते सांगितलं, आणि मग, "सरांनी विचारलं तेव्हा मी गप्प उभा राहिलो," हेही सांगितलं.

मुलगी म्हणाली, "मला माहीतच होतं."

साहजिक आहे. आपण कॉपी केलेली नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? आम्ही सगळे जणू एखादी बातमी घेऊन गेलो होतो, आणि ती बातमी तिच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. तिच्याकडे नव्हता तो फक्त ती खरी मानणारा माणूस. तिच्या आईच्या हातातली गाळणी तशीच राहिली, आणि मुलीकडे बघत त्या म्हणाल्या, "तू सांगत होतीस गं." मग त्यांना रडू आवरेना.

मुलीने विचारलं, "आत्ताच का?" मुलाने खरं उत्तर दिलं, की दृढीकरणाची तयारी चालू आहे आणि मला देवापुढे तसं उभं राहता येईना. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्यासाठी आलास." त्याने 'हो' म्हटलं. मला वाटलं होतं तो काहीतरी सारवासारव करेल. त्याने केली नाही, आणि माझ्या मते त्या दुपारी जे काही चांगलं झालं ते तिथून सुरू झालं. मग तो म्हणाला, "तुला काय हवंय ते सांग. मी करतो. नको असेल तर नाही करत."

तिने तीन गोष्टी सांगितल्या, बोटांवर मोजून. पहिली, पप्पांना सांग, आणि घरी नको, मार्केटला जाऊन सांग, कारण तिथल्या लोकांनाही कळलेलं आहे. दुसरी, शाळेने लिहून दिलं पाहिजे. तिसरी, मला मेसेज करायचे नाहीत.

माफ केलं असं ती म्हणाली नाही. कुणी तिला तसं विचारलंही नाही. त्याच्या आईच्या ओठांवर आलं होतं, मी त्यांचा हात दाबला. एखाद्याला माफी मागायला शिकवताना समोरच्याने ती द्यायलाच हवी असं आपण नकळत शिकवून बसतो. सत्तर वेळा सात क्षमा कर, हे येशूने आपल्या शिष्याला, पेत्राला सांगितलं, कारण पेत्र 'मी किती वेळा क्षमा करू' असं स्वतःहून विचारत होता. अपराध्याने ते वचन घेऊन दुसऱ्याच्या दारात वसुलीला जाऊ नये.

मार्केट यार्डात बाप-लेक पहाटे गेले. मी नव्हते, मुलाच्या वडिलांनी सांगितलं ते लिहिते. भाजीच्या गाड्या खाली होत होत्या, बोलायला उसंत नव्हती, म्हणून ते काम हलकं होईपर्यंत एका बाजूला उभे राहिले. मग मुलाने मुलीच्या वडिलांना सांगितलं, सोबतची दोन-चार माणसं ऐकत असताना. मुलीचे वडील खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन नुसते ऐकत राहिले. त्याला रागावले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, "मी तिला त्या दिवशी मारलं होतं." आणि पुढच्या गाडीकडे गेले. मुलाच्या वडिलांनी पैशाचं काढलं, की तुमचा खाडा झाला, तिची शिकवणी बुडाली, काहीतरी घ्या. त्यांनी घेतले नाहीत, आणि पुन्हा विचारू नका म्हणाले.

त्या संध्याकाळी ते घरी जाऊन मुलीजवळ बसले आणि तिची माफी मागितली. हे मला तिनेच सांगितलं. ज्या माफीसाठी आम्ही सगळे धडपडत होतो ती अजून तशीच उभी आहे, पण जिचा आम्ही विचारही केला नव्हता ती बाप-लेकीमधली माफी पहिली झाली. मी कितीतरी वर्षं बायबल शिकवतेय. मला हे आधी सुचलं नसतं.

शाळेचा भाग थोडक्यात सांगते. मुख्याध्यापिकाबाईंनी नीट ऐकून घेतलं. नववीचा निकाल आता बदलता येत नाही, पण मुलाचं पत्र दोघांच्या नोंदीसोबत लावून घेतलं, ढाल परत घेतली, आणि शिक्षकांच्या बैठकीत पत्र वाचून दाखवलं. मुलीला शाळेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह लिहून दिलं, की त्या परीक्षेत तिने कॉपी केलेली नव्हती आणि तिच्यावर झालेली कारवाई चुकीची होती. त्या पत्राला तिच्या वडिलांनी लॅमिनेशन करून घेतलंय. ते सर अजून शाळेत आहेत. ते तिच्याशी फोनवर बोलले. काय बोलले ते त्या दोघांचं.

याची झळ त्याला लागली. जुन्या वर्गाच्या ग्रुपवर मुलं त्याला 'राजा हरिश्चंद्र' म्हणतात. ज्या मुलांनी त्या दिवशी हसण्यात भाग घेतला तीच आता त्याला हसतात. त्याहून मला लागलं ते आपल्याच काही ज्येष्ठांचं बोलणं. भक्ती सुटल्यावर एकाने मला बाजूला घेतलं: "बाई, मुलाचं आयुष्य पुढे आहे. आणि बाहेर काय म्हणतील? ख्रिस्ती मुलं कॉपी करतात म्हणतील. आपण आधीच मूठभर." त्यांच्या बोलण्यातली भीती मला कळते. थोड्या लोकांच्या समाजात एकाचं वागणं सगळ्यांच्या नावावर लागतं, हे आपण सगळ्यांनी सोसलंय. पण ती मुलगी आपल्या मंडळीतली नाही, हिंदू घरातली आहे, हमालाची मुलगी आहे. तिच्या नावाची किंमत आपल्या नावापेक्षा कमी आहे का? आपलं नाव राखायला शेजाऱ्याच्या लेकीचं नाव गहाण ठेवायचं, हे मला मान्य नाही, आणि मी त्यांना तसंच सांगितलं. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. बोलतील.

दृढीकरण पुढे ढकलावं का, हा प्रश्न कमिटीत निघाला. पाळकसाहेब म्हणाले, हे काही बक्षीस नाही, की चांगलं वागला म्हणून द्यायचं आणि चुकला म्हणून काढून घ्यायचं. पण त्यांनी मुलाला प्रभुभोजनाआधीचं, म्हणजे वेदीजवळ जाऊन भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधीचं, जुनं आवाहन वाचायला दिलं. जे मनापासून पश्चात्ताप करतात, शेजाऱ्यांशी प्रीतीने आहेत आणि नवं आयुष्य जगायचं ठरवतात, त्यांनी जवळ यावं, असं ते आहे. आणि मत्तयाचा पाचवा अध्याय: वेदीजवळ आल्यावर आठवलं, की भावाचं माझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा. मुलाने विचारलं, "तिने माफ केलं नाही तर मी जवळ जायचं की नाही?" पाळकसाहेब म्हणाले, "तिथे लिहिलंय जा. तू गेलास. तिचं उत्तर तुझ्या हातात नाही. पण तिने जे मागितलंय ते अर्धवट सोडलंस, तर मग माझ्याकडे ये."

त्याने अर्धवट सोडलेलं नाही. तिला मेसेज करत नाही. रस्त्यात दिसली तर आपण होऊन बोलत नाही. एवढं साधं वाटणारं पाळायला त्याला जड जातं, कारण त्याला सारखं वाटतं, अजून काहीतरी करायला हवं. मी त्याला सांगते, तिने 'करू नको' म्हटलेलं न करणं हेही फेडणंच आहे.

पाचव्या हिश्शाचं काय, हे मला स्वतःला अस्वस्थ करत होतं. पैसे वडिलांनी नाकारले होते. मग तिनेच एक दिवस मला फोन करून विचारलं, की तुम्ही गणिताच्या मॅडम ना, पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेचं अंकगणित शिकवाल का? आता ती माझ्याकडे येते. शेकडेवारी झाली, काळ-काम-वेग चालू आहे. तिचं डोकं गणितात फार चांगलं चालतं. हे मी दयेपोटी म्हणत नाही; मी खूप मुलं शिकवली आहेत, मला कळतं. मी फी घेत नाही, हे तिला सांगितलं तेव्हा तिने आधी विचारलं, "त्याच्याकडून तर घेत नाही ना?" मी नाही म्हटलं, आणि ते खरं आहे.

गेल्या आठवड्यात मुलाने मला विचारलं, दृढीकरणाच्या भक्तीला तिला आणि तिच्या घरच्यांना बोलवू का. त्याच्या मनात चांगलंच होतं. मी म्हटलं, नको. त्या दिवशी बिशपसाहेब तुझ्या डोक्यावर हात ठेवतील, सगळे तुझ्याकडे बघतील. ती आली तर लोक तिच्याकडेही बघतील, आणि तिने हसून दाखवावं अशी सगळ्यांची अपेक्षा असेल. मग तिला पुन्हा एकदा भरल्या खोलीत सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागेल. तो थोडा वेळ गप्प बसला आणि हो म्हणाला. मग त्याने विचारलं, तिच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना केली तर चालेल का. मी म्हटलं, घरी कर. चर्चमध्ये मोठ्याने नको.